आभासी संगणकांचे स्थलांतर : साठवण यंत्रणा बदलताना

राष्ट्रीय ई-प्रशासन योजनेला केंद्र सरकारने १८ मे २००६ रोजी मान्यता दिली, तेव्हा तिच्यात २७ मिशन मोड प्रकल्प आणि ८ पूरक घटक होते. राज्यव्यापी संगणक जाळी, सामान्य सेवा केंद्रे आणि राज्य माहिती केंद्रे हे तिचे तीन पायाभूत आधार. यांपैकी राज्य माहिती केंद्रांच्या योजनेस जानेवारी २००८ मध्ये १,६२३.२० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी मिळाली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे पहिले राष्ट्रीय माहिती केंद्रही २००८ मध्येच हैदराबाद येथे उभे राहिले. पुणे (२०१०), दिल्ली (२०११) आणि भुवनेश्वर (२०१८) ही त्यानंतरची केंद्रे होत. फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘मेघराज’ या उपक्रमांतर्गत राष्ट्रीय क्लाउड सेवेचा आरंभ झाला आणि शासकीय खात्यांना स्वतंत्र संगणक विकत घेण्याऐवजी आभासी संगणक मिळू लागले.

माहिती केंद्राची इमारत काही दशके टिकते. तिच्यातील यंत्रसामग्री टिकत नाही. साठवण यंत्रणेचा हमी व देखभाल करार साधारणतः पाच ते सात वर्षांचा असतो. तो संपला की सुटे भाग मिळेनासे होतात, देखभालीचा खर्च वाढतो आणि नवी यंत्रणा घ्यावी लागते. शासकीय खरेदी निविदेद्वारे होत असल्यामुळे नवी यंत्रणा जुन्याच उत्पादकाची असेल याची खात्री नसते. किंबहुना ती वेगळ्या जातकुळीची असण्याचीच शक्यता अधिक. अशा वेळी जुन्या यंत्रणेवर चालत असलेले शेकडो आभासी संगणक नव्या यंत्रणेवर न्यावे लागतात. त्यांवर कोठे जमिनीचे अभिलेख असतात, कोठे कोषागाराचा हिशेब, तर कोठे शिष्यवृत्तीच्या अर्जांची शेवटच्या दिवसाची गर्दी. चूल पेटती ठेवून बिऱ्हाड हलवावे, तसे हे काम आहे.

आभासी संगणक : पूर्वपीठिका

एका प्रत्यक्ष संगणकावर अनेक स्वतंत्र संगणकांचा भास निर्माण करण्याची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकातच आपल्या मोठ्या संगणकांवर तिचे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये, कोणत्या अटी पूर्ण करणाऱ्या संगणकावर असे आभासीकरण शक्य आहे, याची सैद्धांतिक मांडणी केली. पुढे घरोघरी पोहोचलेले एक्स८६ जातीचे प्रोसेसर या अटींत बसत नव्हते. व्हीएमवेअर (स्थापना १९९८) या कंपनीने आज्ञावलीचे चालू असतानाच भाषांतर करून ही अडचण ओलांडली. केंब्रिज विद्यापीठात ‘झेन’ ही प्रणाली २००३ मध्ये पुढे आली. इंटेल आणि एएमडी यांनी अनुक्रमे २००५ व २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच आभासीकरणाची सोय केली आणि २००७ मध्ये ‘केव्हीएम’ लिनक्सच्या गाभ्याचा भाग बनले.

प्रत्यक्ष यंत्र आणि आभासी संगणक यांच्यामध्ये राहून सर्व व्यवहार पाहणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायझर म्हणतात. आभासी संगणकाला स्वतःचा प्रोसेसर, मेमरी व डिस्क असल्याचे वाटते. प्रत्यक्षात त्याची डिस्क ही बहुधा एक मोठी फाइल किंवा साठवण यंत्रणेतील राखून ठेवलेला एक भाग असतो. डिस्क जर फाइल असेल, तर ती हलवता येणे ओघानेच आले. मात्र ती फाइल सतत लिहिली जात असते, आणि सगळी अडचण नेमकी तेथेच आहे.

सामायिक साठवणीने काय साधले

माहिती केंद्रात प्रत्येक सर्व्हरला आपापली डिस्क देण्याऐवजी सर्वांना मिळून एक मोठी साठवण यंत्रणा दिली जाते. तिच्याकडे जाण्याचे मार्ग वेगवेगळे. फायबर चॅनलवर खास जाळ्यातून डिस्कचे खंड पुरवले जातात. आय-स्कझी हाच व्यवहार साध्या संगणक जाळ्यावरून करते. एनएफएस मात्र खंड नव्हे, तर फाइली पुरवते. सेफसारख्या प्रणालीत अनेक साध्या सर्व्हरांच्या डिस्का एकत्र करून एक साठवण भासवली जाते.

सामायिक साठवणीमुळे आभासी संगणक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेणे सोपे झाले. दोन्ही सर्व्हरांना तीच डिस्क दिसत असल्यामुळे केवळ मेमरी आणि प्रोसेसरची स्थिती न्यावी लागते. झेनवरील अशा चालू स्थलांतराचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका खेळाचा सर्व्हर खेळाडू खेळत असतानाच हलवला गेला आणि त्याची सेवा सुमारे ६० मिलिसेकंदच थांबली. पापणी लवण्यास याहून अधिक वेळ लागतो.

परंतु या यशामागील गृहीतक असे की डिस्क जागेवरच राहते. साठवण यंत्रणाच बदलायची असेल, तर हे गृहीतक गळून पडते. मेमरी काही गिगाबाईटची असते. डिस्क शेकडो गिगाबाईटची, कधी अनेक टेराबाईटची. त्यामुळे डिस्कच्या स्थलांतरासाठी निराळ्या पद्धती शोधाव्या लागल्या.

तीन पद्धती, तीन पायऱ्या

व्हीएमवेअरच्या ईएसएक्स या हायपरव्हायझरमध्ये या पद्धती ज्या क्रमाने बदलत गेल्या, तो क्रम विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखा आहे. कारण प्रत्येक बदल आधीच्या पद्धतीतील एका उणिवेवरचा उपाय आहे.

पहिली पद्धत स्नॅपशॉटची. डिस्कची एका क्षणाची स्थिती गोठवायची, नवे लेखन एका वेगळ्या लहान फाइलीत वळवायचे आणि गोठलेली मोठी डिस्क निवांतपणे नव्या साठवणीत उतरवून घ्यायची. तोवर लहान फाइल वाढलेली असते. म्हणून पुन्हा स्नॅपशॉट घेऊन तीही उतरवायची. शेवटी क्षणभर संगणक थांबवून उरलेले नेले जाते आणि सर्व तुकडे एकत्र जोडले जातात. ही पद्धत समजण्यास सोपी आहे; परंतु जोडणीला वेळ लागतो, जास्तीची जागा लागते आणि मध्येच बिघाड झाल्यास डिस्कचे तुकडे दोन ठिकाणी विखुरलेले राहतात.

दुसरी पद्धत २००९ मध्ये आली. तीत डिस्कचे लहान लहान ठोकळे कल्पून प्रत्येकासाठी एक खूण ठेवली जाते. उतरवून घेतलेल्या ठोकळ्यावर पुन्हा लेखन झाले की त्याची खूण लागते. पहिली फेरी संपली की फक्त खूण लागलेले ठोकळे पुन्हा न्यायचे. मग त्या काळात बदललेले. आणि असे करत उरलेला भाग अगदी थोडा झाला की संगणक क्षणभर थांबवून तो न्यायचा. अखेरच्या क्षणापर्यंत जुनी डिस्क अखंड असते, हा या पद्धतीचा मोठा गुण.

हिची मर्यादा साध्या गणिताने दिसते. डिस्क ५०० गिगाबाईटची, नकलेचा वेग सेकंदाला ५०० मेगाबाईट आणि नव्या लेखनाचा वेग सेकंदाला १०० मेगाबाईट आहे असे समजू. पहिल्या फेरीस १,००० सेकंद लागतात. तेवढ्यात जास्तीत जास्त १०० गिगाबाईट बदलते. तेच ठोकळे पुन्हा पुन्हा लिहिले गेले, तर त्याहून कमी. दुसरी फेरी २०० सेकंदांची, तिसरी ४०, चौथी ८ आणि पाचवी १.६ सेकंदांची. ही उतरती भूमिती श्रेढी असून तिची बेरीज १,२५० सेकंदांच्या, म्हणजे सुमारे २१ मिनिटांच्या, पुढे जात नाही. आता नवी साठवण मंद असून नकलेचा वेग सेकंदाला केवळ ८० मेगाबाईट आहे असे धरू. पहिल्याच फेरीस ६,२५० सेकंद, म्हणजे पावणेदोन तास, लागतात आणि त्या काळात ६२५ गिगाबाईट लेखन झालेले असते! लेखन डिस्कभर विखुरलेले असेल, तर श्रेढी उतरतच नाही आणि स्थलांतर कधीच पूर्ण होत नाही. दुथडी भरलेल्या नदीचे पाणी घागरीने उपसावे, तशी ही गत होते.

म्हणून २०११ मध्ये तिसरी पद्धत आली : प्रतिबिंबित लेखनाची. डिस्कच्या आरंभापासून शेवटापर्यंत नकलेची एकच फेरी होते. या फेरीत नक्कल कोठवर पोहोचली ती जागा हायपरव्हायझरला सतत ठाऊक असते. आभासी संगणकाने नक्कल झालेल्या भागात काही लिहिले, तर ते जुन्या आणि नव्या अशा दोन्ही डिस्कांवर लिहिले जाते. नक्कल व्हायच्या भागात लिहिले, तर फक्त जुन्या डिस्कवर; कारण फेरी तेथे पोहोचेल तेव्हा ते आपोआप जाणारच आहे. नेमक्या नक्कल चालू असलेल्या तुकड्यावर लेखन आले, तर ते क्षणभर रोखून धरले जाते. फेरी संपते तेव्हा दोन्ही डिस्का तंतोतंत सारख्या असतात आणि क्षणार्धात नव्या डिस्ककडे वळता येते. येथे श्रेढीचा प्रश्नच उरत नाही. मात्र दोन्हीकडील लेखन पूर्ण झाल्यावाचून आभासी संगणकाला पोच मिळत नाही. त्यामुळे जी साठवण अधिक मंद, तिच्याच चालीने त्याला चालावे लागते. स्थलांतराच्या काळात सेवा मंदावल्याची तक्रार येते ती बहुधा यामुळेच. ‘शून्य खंड’ हा शब्द विक्रेत्यांच्या पत्रकांत शोभतो; वास्तवात खंड अत्यल्प असतो आणि मंदपणा लक्षात येण्याइतका.

केव्हीएमच्या सोबत चालणाऱ्या क्यूईएमयू प्रणालीत २०१२ पासून डिस्कच्या प्रतिबिंबाची सोय आहे. ती मुळात खुणांच्या नोंदीवर आधारलेली आहे. त्याच वर्षी व्हीएमवेअर आणि मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या दोहोंत, सामायिक साठवण मुळीच नसतानाही चालू संगणक हलवण्याची सोय आली. त्यासाठी डिस्क आधी आणि मेमरी नंतर नेली जाते. हा क्रम उलटा केला, तर मेमरीचे हजारो बदल तासन्‌तास पाठवत राहावे लागतील.

यंत्रणा भिन्न असल्याने येणाऱ्या अडचणी

एकाच उत्पादकाच्या एकाच यंत्रणेत डिस्क हलवायची असेल, तर हायपरव्हायझर नुसता आदेश देतो आणि यंत्रणा आतल्या आत नक्कल करून घेते. २०१० च्या सुमारास रूढ झालेल्या या सोयीमुळे सर्व्हरवरचा आणि जाळ्यावरचा भार वाचतो. परंतु दोन यंत्रणा दोन उत्पादकांच्या असतील, तर ही सोय सर्वसाधारणपणे निरुपयोगी ठरते. मग प्रत्येक बाईट जुन्या यंत्रणेतून सर्व्हरमध्ये आणि सर्व्हरमधून नव्या यंत्रणेत असा प्रवास करतो. त्यासाठी किमान एका सर्व्हरला दोन्ही यंत्रणा एकाच वेळी दिसल्या पाहिजेत. जुनी फायबर चॅनलवर आणि नवी एनएफएसवर असेल, तर त्या सर्व्हरला दोन्ही मार्गांची जोडणी हवी. निविदेत नव्या साठवणीचा तपशील पानेच्या पाने असतो. या तात्पुरत्या पुलाची तरतूद मात्र अनेकदा राहून जाते.

वेळेचा अंदाजही याच वाटेवरून बांधावा लागतो. सेकंदाला १० गिगाबिट वेगाचे जाळे म्हणजे आदर्श स्थितीत १.२५ गिगाबाईट. समजा, प्रत्येकी २०० गिगाबाईटचे २०० आभासी संगणक हलवायचे आहेत. एकूण ४० टेराबाईट. प्रत्यक्षात मिळणारा वेग ५०० मेगाबाईट धरला, तर ८०,००० सेकंद, म्हणजे २२ तासांहून थोडे अधिक. रात्री सहाच तास काम करण्याची मुभा असेल, तर चार रात्री. त्यात शिष्यवृत्तीची अंतिम मुदत किंवा निकालाचा दिवस आला, तर ती रात्र वगळावीच लागते.

दुसरी अडचण जागेची. आभासी डिस्क नावाला ५०० गिगाबाईटची असते, पण तीत भरलेले १२० गिगाबाईटच असू शकते. जुनी यंत्रणा रिकाम्या जागेला प्रत्यक्ष जागा देत नाही. नव्या यंत्रणेने किंवा नकलेच्या आज्ञावलीने शून्ये ओळखली नाहीत, तर तीच डिस्क तेथे पूर्ण ५०० गिगाबाईट व्यापते. शिवाय पुसून टाकलेल्या फाइलींचे अवशेष शून्ये नसतात. तेही सोबत जातात. म्हणून स्थलांतरापूर्वी आभासी संगणकाच्या आतून मोकळी जागा साठवणीला परत करून घेणे श्रेयस्कर.

तिसरी अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. डिस्कवरील वाचन-लेखनाचे सर्वांत लहान एकक, म्हणजे सेक्टर, पूर्वी ५१२ बाईटचे असे. नव्या काही डिस्का ४,०९६ बाईटचे सेक्टर दाखवतात. आधुनिक विभाजन तक्त्याचे शीर्ष दुसऱ्या सेक्टरमध्ये असते. जुन्या डिस्कवर ते आरंभापासून ५१२ बाईटवर सापडते. नव्या डिस्कवर संगणक ते ४,०९६ बाईटवर शोधतो. नक्कल बाईटगणिक अचूक असूनही संगणक सुरू होत नाही, कारण तो चुकीच्या जागी पाहत असतो. बहुतेक हायपरव्हायझर ५१२ बाईटचे रूप पुढे करून हा प्रश्न झाकतात. खंड थेट जोडलेला असेल, तर तो उघडा पडतो.

चौथी गोष्ट विश्वासाची. डेटाबेस प्रणाली साठवणीला ‘हे कायमचे लिही’ असे सांगते आणि ‘लिहिले’ अशी पोच आल्यावरच व्यवहार पूर्ण झाल्याचे मानते. काही साठवण यंत्रणा वेग वाढवण्यासाठी माहिती तात्पुरत्या स्मृतीत ठेवूनच पोच देतात. त्या स्मृतीला बॅटरीचे संरक्षण असेल, तर चिंता नाही. ते नसेल आणि वीज गेली, तर कोषागाराने पूर्ण झालेला मानलेला व्यवहार डिस्कवर उमटलेलाच नसतो. नवी यंत्रणा अधिक वेगवान असल्याचे कौतुक करण्यापूर्वी तो वेग कशाच्या बळावर आहे, हे विचारले पाहिजे.

ज्या डिस्कवर दोन आभासी संगणक मिळून लिहितात, तिचे चालू स्थलांतर सहसा शक्य नसते. एका सर्व्हरवरील हायपरव्हायझर आपल्या संगणकाचे लेखन दोन्हीकडे पाठवील. दुसऱ्या सर्व्हरवरून आलेले लेखन त्याला दिसणारच नाही. येथे सेवा काही काळ रीतसर थांबवणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

हायपरव्हायझरही बदलायचा असेल, तर अडचणी वाढतात. ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअरचे अधिग्रहण नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण केले आणि लगेच कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. तेव्हापासून जगभरातील अनेक संस्थांनी हा विचार सुरू केला. डिस्कच्या फाइलीचे स्वरूप प्रत्येक प्रणालीत निराळे असते. ते रूपांतरित करता येते. परंतु आभासी संगणकाला नव्या प्रकारची डिस्क व जाळ्याचे कार्ड दिसू लागतात आणि त्यांचे ड्रायव्हर त्याच्यात आधीच नसतील, तर तो उठत नाही. अशा वेळी बहुतांश माहिती संगणक चालू असताना नेऊन ठेवतात आणि अखेरच्या टप्प्यापुरता तो बंद करतात.

स्थलांतर म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे

दक्षिण कोरियातील देजॉन येथे २६ सप्टेंबर २०२५ रोजी शासकीय माहिती केंद्रात लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. ७०९ शासकीय प्रणाली बंद पडल्या. अनेक सेवा हळूहळू पूर्ववत झाल्या. परंतु शासकीय कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवण्याची एक साठवण प्रणाली पूर्णपणे जळाली. तीत ८५८ टेराबाईट माहिती होती. आकारमान फार मोठे, म्हणून तिची बाहेर कोठेही प्रत ठेवलेली नव्हती.

या घटनेचा साठवण स्थलांतराशी संबंध दूरचा वाटेल. तसा तो नाही. अनेक माहिती केंद्रांत साठवण यंत्रणा स्वतःच आपल्या खंडांची प्रत दूरच्या आपत्ती निवारण केंद्राकडे पाठवत असते. आभासी संगणक नव्या यंत्रणेवर गेला की तो त्या खंडात राहत नाही. दूरच्या केंद्राकडे जुन्या यंत्रणेची प्रत जात राहते, फलकावर हिरवा दिवा दिसत राहतो आणि हलवलेल्या संगणकाची प्रत मात्र कोठेच जात नसते. जुनी यंत्रणा आणि नवी यंत्रणा भिन्न उत्पादकांच्या असतील, तर ही साखळी आपोआप जोडली जाण्याची शक्यताही नसते. त्यामुळे नव्या यंत्रणेवरून दूरच्या केंद्राकडे प्रत जाऊ लागली आहे आणि तीवरून संगणक सुरू करून पाहिला आहे, एवढे झाल्यावाचून पहिला महत्त्वाचा संगणक हलवू नये. कामाच्या वेळापत्रकात हाच टप्पा सर्वांत आधी कापला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते.

जुन्या यंत्रणेचा निरोप

स्थलांतर पूर्ण झाल्यावर जुनी प्रत काही दिवस राखून ठेवण्याची पद्धत आहे. ती राखावी, पण सुरू होऊ देऊ नये. एकाच ओळखीचे, एकाच पत्त्याचे दोन संगणक जाळ्यावर उभे राहिले, तर काही अर्ज एकाकडे आणि काही दुसऱ्याकडे जातात. नंतर त्यांची सांगड घालणे जवळजवळ अशक्य असते. 

जुने खंड काढण्याचाही क्रम आहे. आधी प्रत्येक सर्व्हरवरून खंडाचा वापर थांबवून तो विलग करायचा आणि मगच साठवणीकडून त्याचा पुरवठा बंद करायचा. उलट केले, तर सर्व्हर नाहीशा झालेल्या खंडाचा शोध घेत राहतात, त्यांचे व्यवस्थापन गोठते आणि नव्या यंत्रणेवर नीट चालत असलेल्या सेवांनाही त्याची झळ बसू शकते.

राहता राहिल्या जुन्या डिस्का. त्यांवर नागरिकांची नावे, बँक खाती, आजारांचे तपशील असतात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहितीच्या संरक्षणासाठी वाजवी उपाय योजण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. फाइली पुसल्याने माहिती जात नाही. डिस्का संपूर्ण अधिलिखित कराव्या लागतात, सांकेतिक लिपीत साठवलेल्या असल्यास तिची किल्ली नष्ट करावी लागते, अथवा डिस्काच प्रत्यक्ष मोडून टाकाव्या लागतात. प्रत्येक डिस्कच्या अनुक्रमांकासह त्याची नोंद ठेवली जाते आणि ती नोंद लेखापरीक्षणापर्यंत जपावी लागते.